बरी दिसायला लागलेली मुलगी

बुधवारी दुपारी आम्ही फोन करतो. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या विभागातल्या थोरल्या सिस्टर. सकाळची ओपीडी संपली की त्याच टेबलावर डबे उघडायचे, पोळीचा घास तोंडात असतानाच रजिस्टर पुढे ओढायचं आणि ज्या लेकरांच्या हृदयाचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांच्या घरी एकेक फोन लावायचा. मी लहान मुलांच्या हृदयाची डॉक्टर आहे. निदान करते, औषधं देते, मांडीच्या शिरेतून नळी घालून काही भोकं बंदही करते. पण छाती उघडायचं काम माझं नाही. ते करणारे सर्जन पुण्याहून येतात, एकाआड एक शनिवारी, आणि त्या दिवशी दोन लेकरांची ऑपरेशनं होतात. यादीत मात्र कायम तीस-चाळीस नावं असतात. म्हणून हे फोन. कुणाला ताप आहे, कुणाचा दम वाढला, कुणाचं वजन वाढलं, हे विचारायचं आणि त्याप्रमाणे नावं वर-खाली करायची.

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, म्हणतात. आमची यादी त्याच न्यायाने चालते. ज्याच्या घरचे काकुळतीला येऊन बोलतात त्याचं नाव वर सरकतं. जो 'ठीक आहे' म्हणतो त्याला आम्ही 'बरं मग, पुढच्या वेळी बघू' म्हणतो. इतकी वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी दमले आहे, हे आधीच सांगून टाकते. रात्रभर जागून येतं ते दमणं हे नव्हे, ते एका झोपेत जातं. हे तेच तेच वाक्य रोज नव्या माणसाला सांगून आलेलं आहे. 'हृदयाला भोक आहे' म्हटलं की समोरची आजी विचारते, कशानं पडलं? आणि विचारताना सुनेकडे बघते. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, मोबाइल पोटावर ठेवला, सगळी कारणं तिच्याकडे तयार असतात. मी सांगते, आजी, कुणाच्या खाण्याने असं होत नाही, पोटात हृदय घडतानाच तो पडदा अर्धवट राहून जातो. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता सांगताना आवाज चढतो, आणि बिचारी आजी गप्प बसते. तिला पटलेलं मात्र नसतं.

उमेद वाटावी असं काही घडलंच नाही म्हटलं, तर ते खोटं होईल. मी शिकून या शहरात परत आले तेव्हा इतक्या लहान मुलाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करायला इथे कुणी बसत नव्हतं. आम्ही मुंबईची चिठ्ठी लिहून द्यायचो, आणि चिठ्ठी घेऊन गेलेल्यांपैकी खरंच किती पोचले हे आम्हाला कधी कळत नसे. आता पाचव्या महिन्यात पोटातल्या बाळाचं हृदय पडद्यावर दिसतं. मांडीतून नळी नेऊन भोकावर छत्रीसारखी बारीक चकती बसवली की पोर दुसऱ्या दिवशी वॉर्डात पळतं. वेरूळकडची एक म्हातारी मला 'छत्रीवाली बाई' म्हणूनच ओळखते. जन्मून दहा दिवस न झालेल्या, निळ्या पडलेल्या बाळांची हृदयं याच शहरात उघडून नीट झालेली मी पाहिली आहेत. पण ऑपरेशननंतर अशा लेकराजवळ डोळ्यांत तेल घालून बसणारी नर्स लागते. ती तयार व्हायला दोन वर्षं जातात, आणि तयार झाली की ती पुण्याला नाहीतर आखातात जाते. मी तिला दोष देत नाही, तिच्या जागी मीही गेले असते. आमच्याकडे अशा देखरेखीच्या खाटा दोनच चालतात, म्हणून शनिवारी लेकरंही दोनच.

ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा चार महिन्यांची होती. लासूर स्टेशनची. बाप मोंढ्यात मापाडी, आई बावीस-तेवीस वर्षांची, सोबत सासू. न्यूमोनिया झाला म्हणून आणलेली. वजन साडेतीन किलो. अंगावर घेतली की दोन घोट प्यायची आणि सोडून द्यायची, कपाळावर घाम डवरायचा, बरगड्या आत ओढल्या जायच्या. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक होतं. डाव्या बाजूचं रक्त जोराने त्या भोकातून उजवीकडे आणि तिथून फुप्फुसांत शिरत होतं. बाळ दिवसभर पळत असल्यासारखं धापा टाकत होतं, मग अंगाला काय लागणार?

मी आईला औषधं लिहून दिली. दूध काढून चमच्याने कसं पाजायचं ते सिस्टरांनी दाखवलं. वजन थोडं वाढवू, मग भोक बंद करू, आणि ते वर्षाच्या आत झालंच पाहिजे, असं मी सांगितलं. 'वर्षाच्या आत' हे शब्द मी तिच्या फाइलवर लाल पेनाने लिहिले होते.

नवव्या महिन्यात तिची तारीख आली. गुरुवारी भरती केली, शुक्रवारी नाक गळायला लागलं, संध्याकाळी ताप. भूलतज्ज्ञांनी नकार दिला आणि तो बरोबरच होता. सर्दीत छाती उघडली तर पोर व्हेंटिलेटरवरून उतरत नाही. सासू म्हणाली, "आता दोन दिसांची सर्दी, तेवढ्यासाठी परत धाडता व्हय?" मी तिच्यावरही आवाज चढवला. ते परत गेले. मुलगी यादीत राहिली, आणि आम्ही फोन करत राहिलो.

पुढे पाच-एक महिन्यांनी, ती सव्वा वर्षाची झालेली असताना, तिचं नाव पुन्हा वर आलं. येत्या शनिवारची एक जागा तिची होती, आणि त्याआधीच्या बुधवारी तो फोन झाला. उन्हाळा लागला होता. सकाळपासून ऐंशी लेकरं तपासून झाली होती. त्यात घरून सासूबाईंचा फोन, नळाला पाणी आलंय म्हणून. आमच्या गावात नळाला पाणी येणं ही आठवड्यातून एकदाची गोष्ट आहे. ते आलं की ज्याच्या गुडघ्यांत जोर आहे त्याने घरी पळायचं असतं, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांत तो उरलेला नाही. मी शेजारणीला मोटर लावायला सांगत होते, तेवढ्यात सिस्टरांनी लासूरचा नंबर लावून रिसीव्हर माझ्या दुसऱ्या हातात दिला. हे काही मी सबब म्हणून सांगत नाही. अशा दुपारी माझ्या आयुष्यात शेकड्याने गेल्या आहेत.

"कशी आहे गं पोरगी?"

"लई बरी हाय मॅडम!" ती हसत होती. "आता दम बी लागत नाय. दूध समदं पिती. घाम बी नाय येत. आंगणवाडीत सात किलो भरली."

आमच्याकडे कुठलीच आई आपलं लेकरू बरं आहे असं तोंडाने म्हणत नाही. पोर कितीही गुटगुटीत असो, 'कुठलं हो, काही खातच नाय' असंच म्हणायचं, नाहीतर नजर लागते. ही रीत मला पाठ आहे. फोनवर 'खात नाय' ऐकलं की त्यातलं निम्मं मी मनातल्या मनात वजा करते. आणि ही बाई चक्क 'लई बरी' म्हणत होती. तिला इतका आनंद झाला होता की नजरेची भीतीसुद्धा राहिली नव्हती. मलाही आनंद झाला. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी चांगलं बोललं होतं. मी म्हणाले, "छान. औषधं चालू ठेव. तुझी तारीख थोडी पुढे गेली तर चालेल ना?" ती म्हणाली, "चालंल की."

त्या शनिवारची जागा मी जालन्याकडच्या एका मुलाला दिली. तो रडला की काळानिळा पडायचा, त्याची आई फोनवर धाय मोकलून रडत होती. त्याचं ऑपरेशन चांगलं झालं, तो आता शाळेत जातो.

माझं काय चुकलं ते आता साध्या शब्दांत सांगते. मोठं भोक असलेलं लेकरू ऑपरेशनाशिवाय बरं दिसायला लागलं, तर बहुतेक दोन शक्यता असतात. एक तर भोक आपोआप लहान झालं. नाहीतर फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्या इतके महिने तो जोराचा मारा सोसून आतून जाड आणि ताठ व्हायला लागल्या. वाहिन्या ताठ झाल्या की त्या जास्तीचं रक्त आत येऊच देत नाहीत. मग धाप थांबते, घाम थांबतो, दूध अंगाला लागतं, वजन वाढतं. घरात सगळ्यांना वाटतं संकट टळलं. पण आतला दाब वाढतच जातो, आणि एका मर्यादेनंतर ते भोक बंद करता येत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. तोंडी परीक्षेत हमखास विचारते, आणि ज्याला येत नाही त्याला चांगलं फैलावर घेते. त्या दुपारी मी फक्त 'उद्या इकोला या' एवढंच म्हणायला हवं होतं.

पुढच्या महिन्यात सिस्टरांनी फोन केला, तेव्हाही तेच उत्तर आलं. त्यानंतर बापाने नंबर बदलला असावा, फोन लागेना. एकदा सिस्टर म्हणाल्याही, "मॅडम, ती लासूरची पोरगी राहिलीच की." मी म्हणाले, "अहो सिस्टर, बरी आहे ती. जे बरे नाहीत त्यांचं बघू आधी." असंच पुढे केव्हातरी ते नाव नव्या रजिस्टरात उतरवायचं राहून गेलं. ते राहिल्याचं मला कळलंही नाही.

ती आली ती एकदम साडेतीन वर्षांची होऊन. दोन शेंड्या, नवा फ्रॉक, पायांत वाजणारे बूट. आईला मी आधी ओळखलंच नाही, अंगाने भरली होती. तिला मुलीला लासूरच्या इंग्रजी शाळेत घालायचं होतं, आणि शाळेने डॉक्टरांचा दाखला मागितला होता.

"बरीच हाय मॅडम ती. भोक भरलं असंल आता," ती म्हणाली. "फकस्त पळाली का मधीच बसती. आत्या म्हणती आळशी हाय." आत्या म्हणजे तिची सासू.

मी मुलीचा हात हातात घेतला. नखं किंचित जांभळट होती. इतकी किंचित, की ज्याला शोधायचं नाही त्याला दिसणार नाहीत. छातीला स्टेथोस्कोप लावला. चार महिन्यांची असताना तिच्या छातीत जो मोठा खरखरता आवाज होता तो जवळजवळ गेला होता. त्याच्या जागी हृदयाचा दुसरा ठोका दार आपटल्यासारखा वाजत होता. इको करायच्या आधीच मला कळलं. तरी मी इको केला, पुनःपुन्हा केला, प्रोब दाबून दाबून. मुलगी म्हणाली, "दुकतंय." भोक तेवढंच होतं. त्यातून रक्त कधी इकडे, कधी तिकडे जात होतं.

आईने विचारलं, "दाखला देता ना?"

मी म्हणाले, भरती करू, एक तपासणी करू, मग बघू.

ती तपासणी म्हणजे मांडीतून नळी नेऊन फुप्फुसांतला दाब प्रत्यक्ष मोजणं. ती मीच केली. दाब मोजायचा, मग लेकराला भरपूर ऑक्सिजन द्यायचा आणि वाहिन्या थोड्या तरी सैल पडतात का ते बघायचं. पडल्या तर ऑपरेशनला वाव आहे. मी तिला ऑक्सिजन दिला आणि पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत उभी राहिले. अंगावर शिशाचा एप्रन होता, पाठ मोडून आली होती. दहा मिनिटं थांबायचं असतं, मी वीस मिनिटं थांबले. आकडे जागचे हलले नाहीत.

शनिवारी सर्जन आले, तेव्हा मी ते कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचले. मी म्हणाले, "मधे छोटी वाट ठेवून बंद करता येईल का? औषधं देऊन थोडे दिवस थांबलो तर?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. "डॉक्टर, हे भोक आता तिला जिवंत ठेवतंय. दाब वाढला की तिथूनच तर वाफ बाहेर पडते. मी ते बंद केलं तर ती टेबलावरून उठणार नाही." हे मलाही ठाऊक होतं. मला फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं. मग त्यांनी विचारलं, "ही आधी कुठे होती?" मी म्हणाले, "आपल्याच यादीत." त्यांनी कागद घडी घालून मला परत दिले.

मी आईला सांगितलं. ऑपरेशन होणार नाही. गोळ्या कायमच्या. पळायचं नाही, ताप अंगावर काढायचा नाही, मोठी झाल्यावर बाळंतपण जिवावर बेतेल. किती वर्षं, ते मी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. ती म्हणाली, "पण ती तर बरी झाली व्हती." मी तिला सगळं समजावून सांगितलं, बरं दिसण्याचा अर्थ काय होता तेही. सांगत असताना तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं, की तिला तो फोन आठवला.

"मीच म्हणले व्हते बरी हाय," ती म्हणाली. "माझ्याच तोंडानं म्हणले."

तिथेच मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, सिस्टरांना चहा सांगितला आणि पुढच्या लेकराकडे गेले.

महिन्याने मायलेकी परत आल्या, सासूही सोबत होती. गोळ्यांनी मुलगी थोडी हुशारली होती. आईने बारीक आवाजात सांगितलं, की त्या गोळीची चिठ्ठी घेऊन तिचा नवरा दुकानात गेला तर दुकानदार गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, घरी सगळं ठीक हाय ना? ती गोळी पुरुषांच्या ताकदीची म्हणून बदनाम आहे. फुप्फुसांच्या वाहिन्या सैल करायलाही तीच लागते. तिचा नवरा गोळी न घेताच परत आला होता, चार दिवस पोर बिनगोळीची होती. मी संतापले. गोळीच्या चिठ्ठीसोबत दुकानदारासाठी वेगळी चिठ्ठी लिहायला घेतली.

लिहीत असताना सासू बोलायला लागली. "हिनंच वाट लावली पोरीची. फोनवर म्हणली म्हणं बरी हाय. इचारायचं नाय का कुणाला? दीडशहाणी. माझा लेक आता हिच्यासंगं बोलत बी नाय." सून खाली बघत मुलीच्या फ्रॉकचं बटण लावत होती. बटण लागलेलंच होतं. ती ते काढून परत लावत होती.

मी चिठ्ठी कशीबशी पुरी केली आणि पेन खाली ठेवलं. एक महिना ही बाई माझी चूक घरी वागवत होती, आणि मी तिला चहा पाजून मोकळी झाले होते. मला स्वतःची शिसारी आली.

"आजी," मी म्हणाले, "हिची काही चूक नाही. हिने जे दिसलं ते खरं सांगितलं. पोर अशी बरी दिसायला लागली तर ते वाईट लक्षण असतं, हे हिला कसं कळणार? मला कळायला पाहिजे होतं. मला ते येतं, मी ते शिकवते. त्या दिवशी मी लक्ष दिलं नाही, हिची तारीख दुसऱ्याला दिली, आणि नंतर हिचं नाव यादीतून गेलं तेही मला कळलं नाही. चूक माझी आहे. तुमच्या मुलालाही इथे पाठवा, मी त्यालाही सांगते."

सिस्टर दारातच थांबल्या. मला वाटलं, आता सुनेचं ओझं उतरेल, ती रडेल, मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिने मुलीला कडेवर घेतलं. मग पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"हे मला कामून सांगितलं मॅडम?" ती म्हणाली. "चूक माझी हाय असं वाटत व्हतं, तवर निदान तुमच्यावर भरवसा व्हता. आता हिला घेऊन मी कुणाकडं जाऊ?"

इथून जालना, बीड, परभणीपर्यंत या कामाचं दुसरं कुणी नाही. ते तिलाही ठाऊक होतं. तिने टेबलावरच्या दोन्ही चिठ्ठ्या उचलल्या, घडी घालून पिशवीत ठेवल्या, आणि परत कधी यायचं ते सिस्टरांना विचारलं.